सिद्धार्थ कॉलेजचा प्राध्यापक आणि कोकणची रेल्वे

शिमगा आला, गणपती आले, मे महिना लागला की मुंबईतले आपले लोक रत्नागिरीची गाडी पकडतात. बुद्ध जयंती आणि भीम जयंतीला गावच्या विहारात हजेरी लावायची असली तरी तीच गाडी. तिकीट मिळत नाही म्हणून आपण रेल्वेला शिव्या घालतो, डब्यात पाय ठेवायला जागा नसते म्हणून संतापतो, आणि ते बरोबरच आहे. पण ही गाडी आली कशी, तिच्यासाठी कोण किती वर्षे झगडले, पैसा कुठून उभा राहिला, जमीन कुणाची गेली आणि नोकऱ्या कुणाला लागल्या, हे प्रश्न आपल्या बैठकांमध्ये फारसे निघत नाहीत. म्हणून आज आम्ही प्रा. मधु दंडवते यांचे चरित्र तरुण कार्यकर्त्यांपुढे ठेवत आहोत.

दंडवते बौद्ध नव्हते आणि आंबेडकरी पक्षातही नव्हते. ते समाजवादी होते. पण बाबासाहेबांनी उभारलेल्या सिद्धार्थ कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. ज्या केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या, त्या सरकारचे ते अर्थमंत्री होते. आणि कोकण रेल्वे कागदावरून जमिनीवर आली तीही त्याच सरकारच्या काळात, त्याच वर्षी. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की आपल्या उपयोगाचे बरेच काही हाती लागते.

रेल्वे नव्हती तेव्हा

रत्नागिरी जिल्हा हा बाबासाहेबांच्या घराण्याचा जिल्हा. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव, आणि बालपणीची काही वर्षे त्यांनी दापोलीत काढली. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये खाड्याच खाड्या अशी या जिल्ह्याची रचना. मुंबई अंतराने फार दूर नाही, पण तिथे पोचायचे तर बोटीने. गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या यार्डात आणि नगरपालिकेच्या सफाई खात्यात काम करणारे आपले आजे-पणजे बोटीनेच गेले आणि बोटीनेच आले.

महाडच्या सत्याग्रहाचीही हीच कथा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. तिच्यासाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला गेले.

या बोटींचा प्रवास धोक्याचा होता. १७ जुलै १९४७ रोजी रामदास बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या. घरी कुणी आजारी पडले, कुणाचे निधन झाले, तरी मुंबईतल्या माणसाला वेळेवर पोचता येत नसे. पुढे एसटी आली, पण घाटातल्या वळणांनी रात्र काढायची आणि सकाळी थकून उतरायचे. जिल्हा मनिऑर्डरवर जगत होता. माणसे बाहेर जात होती आणि पैसा तेवढा परत येत होता.

रेल्वेची मागणी याच परिस्थितीतून आली. कोकणातून रेल्वे न्यायची म्हणून इंग्रजांच्या काळातही पाहणी झाली होती. स्वातंत्र्यानंतर पन्नासच्या दशकात दासगाव ते मंगळूर अशी विमानातून पाहणीही झाली. ज्या दासगावी बाबासाहेब बोटीतून उतरले, तेच गाव रेल्वेच्या नकाशावर सुरुवातीचे ठिकाण म्हणून आले. पण पाहणीच्या पुढे काम सरकेना.

सिद्धार्थ कॉलेजातला शिक्षक

मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरला झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्यांनी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. विद्यार्थी असतानाच ते १९४२ च्या चले जाव चळवळीत उतरले आणि समाजवादी विचारांकडे ओढले गेले.

१९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. ज्यांच्या घरात आधी कुणी शाळेची पायरी चढले नव्हते, अशा मुलांना कॉलेजचे दार उघडावे, ही त्यामागची दृष्टी होती. शिक्षक निवडताना बाबासाहेब जात पाहत नव्हते, विद्वत्ता आणि शिकवण्याची तळमळ पाहत होते. या कॉलेजात दंडवते भौतिकशास्त्र शिकवू लागले, त्या विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे उपप्राचार्यही झाले. अणुभौतिकी हा त्यांचा विषय होता.

आम्हाला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. पुढे लोकसभेत आकडेवारीनिशी बोलणारा, अर्थसंकल्पाची पाने उलटून नेमका मुद्दा काढणारा जो खासदार देशाने पाहिला, त्याची तयारी वर्गात झाली होती. समोर बसलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला अवघड गोष्ट सोपी करून सांगायची सवय त्यांना होती. संसदेत त्यांनी तेच केले.

शिकवत असताना रस्त्यावरची लढाईही चालू होती. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात ते सामील झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ते होते आणि भूमिहीनांच्या जमिनीसाठी झालेल्या लढ्यातही होते. प्रजा समाजवादी पक्षाच्या महाराष्ट्रातल्या नेतृत्वात त्यांचे नाव आले आणि १९७० मध्ये ते विधान परिषदेवर गेले. पत्नी प्रमिला दंडवते स्वतः कार्यकर्त्या होत्या. महागाईविरोधी आंदोलनात त्यांचे मोठे काम होते आणि १९८० मध्ये त्या मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या.

राजापूरचा खासदार

राजापूर मतदारसंघातून बॅ. नाथ पै १९५७ पासून लोकसभेवर जात होते. कोकणाला रेल्वे हवी, हा विषय त्यांनी संसदेत लावून धरला होता. १८ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे अचानक निधन झाले. त्या वर्षी मध्यावधी निवडणूक झाली आणि नाथ पैंच्या जागी दंडवते उभे राहिले. देशभर इंदिरा गांधींची लाट असताना ते निवडून आले. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग निवडणुका त्यांनी त्याच मतदारसंघातून जिंकल्या. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा नव्हता. १ मे १९८१ पर्यंत सावंतवाडीपर्यंतचा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता.

जातीच्या मतांची गणिते मांडून दंडवते निवडून आले नाहीत. ते मूळचे कोकणातलेही नव्हते. पण ज्या भागाने निवडून दिले त्याचा एक प्रश्न त्यांनी हातात घेतला आणि वीस वर्षे सोडला नाही. विरोधी बाकावर असताना विचारला, मंत्री झाल्यावर पुढे ढकलला, पुन्हा विरोधात गेल्यावर पुन्हा विचारला.

दिल्लीचे उत्तर बहुतेक वेळा एकच असे. नवी रेल्वे टाकायची तर ती किती परतावा देईल ते पाहिले जाई. कोकणात कारखाने नाहीत, माल नाही, डोंगर फोडावे लागतील, पूल बांधावे लागतील, खर्च प्रचंड आणि उत्पन्न थोडे, म्हणून हा मार्ग परवडत नाही, असे कागदावर सिद्ध व्हायचे. यातला तिढा दंडवते यांना दिसत होता. रेल्वे नाही म्हणून कारखाने नाहीत आणि कारखाने नाहीत म्हणून रेल्वे नाही. मागास राहिलेल्या भागाला पुढारलेल्या भागाच्या मापाने मोजले की तो कायम मागासच ठरतो.

मित्रांनो, हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. शिक्षण नाकारायचे आणि मग गुणवत्ता नाही म्हणून नोकरी नाकारायची, हेच माप माणसांना लावले गेले. बाबासाहेबांनी ते मापच बदलायला लावले. एका प्रदेशासाठी दंडवते तेच मागत होते.

तुरुंगातून रेल्वे भवनात

१९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशातला सर्वात मोठा रेल्वे संप झाला. सरकारने तो मोडून काढला. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारो बडतर्फ झाले, क्वार्टरमधून त्यांची कुटुंबे बाहेर काढली गेली. पुढच्या वर्षी आणीबाणी आली. दंडवते तेव्हा बंगळूरला होते. त्यांना तिथेच अटक झाली आणि सुमारे दीड वर्ष ते तुरुंगात राहिले. प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात होत्या. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, आणि मधला संसार पत्रांवर चालला होता.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि कालचा कैदी देशाचा रेल्वेमंत्री झाला. दंडवते यांनी जी कामे केली त्यातली तीन आपण लक्षात ठेवावीत.

पहिले काम बडतर्फ कामगारांचे. १९७४ च्या संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांना परत घेतले गेले. रेल्वेत खलाशी, गँगमन, सफाई कामगार म्हणून काम करणाऱ्यांत आपल्या समाजाचा वाटा किती मोठा होता हे मुंबईच्या रेल्वे वसाहतींना विचारावे. नोकरी परत मिळाली म्हणजे त्या घरांतल्या मुलांच्या शाळा परत सुरू झाल्या.

दुसरे काम दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे. तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात उघड्या लाकडी फळ्या होत्या. रात्रभर त्यावर अंग टाकून सकाळी कामाला जायचे. दंडवते यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायला सुरुवात केली. आज स्लीपर क्लासमध्ये झोपताना कुणाच्या मनातही येत नाही की गरिबाच्या पाठीखाली गादी असावी यासाठी कधी मंत्र्याला निर्णय घ्यावा लागला होता.

तिसरे काम गीतांजली एक्सप्रेसचे. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा मार्गावर ही जलद गाडी सुरू झाली. तिच्यात वरचा वर्ग नव्हता, सगळे डबे एकाच वर्गाचे. वेगाने जाण्याचा हक्क केवळ पैसेवाल्यांचा नाही, हा त्यामागचा विचार होता.

कोकणाचे काय झाले? मुंबईहून खाली येणारी रेल्वे साठच्या दशकात पनवेलमार्गे आपट्यापर्यंत येऊन थांबली होती. आपटा ते रोहा हा पुढचा टप्पा दंडवते यांच्या काळात हाती घेण्यात आला. कोकण रेल्वेचे ते पहिले पाऊल. पण जुलै १९७९ मध्ये सरकार पडले आणि त्यांचे मंत्रिपद गेले. रोह्यापर्यंत रूळ पोचायला १९८६ उजाडले, आणि पोचले तेही मुख्यतः तिथल्या कारखान्यांच्या सोयीसाठी. रत्नागिरी अजून दूरच होती.

१९९० साल

नवी रेल्वे म्हणजे मंत्र्याने घोषणा केली आणि रूळ पडले असे होत नाही. आधी पाहणी होते, मग मार्ग कुठून जाणार ते नक्की करणारे अंतिम सर्वेक्षण, मग खर्चाचा अहवाल, मग मंत्रिमंडळाची (आणि २०१४ पर्यंत नियोजन आयोगाचीही) मंजुरी, मग पैसा, मग भूसंपादन, मग निविदा आणि शेवटी काम. यातल्या कुठल्याही पायरीवर काम दहा-दहा वर्षे अडकू शकते. कोकणच्या मार्गाचे अंतिम सर्वेक्षण ऑक्टोबर १९८४ मध्ये गोवा-कर्नाटक भागासाठी मंजूर झाले आणि १९८५ मध्ये ते रोह्यापर्यंत वाढवले गेले. १९८८ मध्ये अहवाल तयार झाला. मार्ग ठरला, पण पैसा नव्हता. रेल्वेच्या वार्षिक अंदाजपत्रकातून दरसाल थोडी थोडी रक्कम मिळत राहिली असती तर आणखी एक पिढी वाट पाहत बसली असती.

डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग यांचे सरकार आले. दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. रेल्वे हवी म्हणणारा आणि तिजोरीची चावी हाती असणारा, दोघेही जुने समाजवादी मित्र. फर्नांडिस मूळचे मंगळूरचे आणि दंडवते राजापूरचे खासदार, म्हणजे मार्गाची दोन्ही टोके मंत्रिमंडळात बसली होती.

त्यांनी जुना रस्ता सोडला. रेल्वेच्या अंदाजपत्रकाच्या रांगेत उभे न राहता या मार्गासाठी वेगळी कंपनी काढायची असे ठरले. भागभांडवलात केंद्राच्या रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. उरलेला मोठा पैसा बाजारात रोखे विकून उभारायचा. त्या रोख्यांवरचे व्याज करमुक्त ठेवले म्हणजे लोक पैसे गुंतवतील, आणि करसवलत द्यायची तर अर्थखाते राजी हवे. तिथे दंडवते बसले होते. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची नोंदणी झाली. ई. श्रीधरन तिचे पहिले प्रमुख झाले. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली.

आता याच वर्षाची दुसरी पाने पाहू. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्या लोकांच्या केंद्रातल्या सवलती अडल्या होत्या, कारण १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश आधी फक्त हिंदूंना आणि नंतर शिखांनाच लागू होता. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण रेल्वे, पोस्ट, बँका, केंद्राच्या कंपन्या यांची दारे बौद्ध म्हणून अर्ज करणाऱ्याला त्या हक्काने उघडत नव्हती. कागदावर हिंदू राहायचे की धम्म सांगून हक्क सोडायचा, अशा पेचात एक पिढी गेली. १९९० मध्ये संसदेने तो आदेश दुरुस्त केला आणि बौद्धांचा समावेश केला. त्याच वर्षी १२ एप्रिलला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले आणि १४ एप्रिलला मरणोत्तर भारतरत्न प्रदान झाले. ७ ऑगस्टला मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली. १० नोव्हेंबरला ते सरकार गेले.

सारे श्रेय एकट्या दंडवते यांना देण्याचा आमचा हेतू नाही. बौद्धांच्या सवलतींमागे रिपब्लिकन आणि बौद्ध संघटनांचा चौतीस वर्षांचा लढा होता, आणि मंत्रिमंडळात रामविलास पासवान यांच्यासारखे लोक होते. सांगायचे ते एवढेच, की अकरा महिन्यांच्या सरकारात रत्नागिरीच्या बौद्ध तरुणाला दोन गोष्टी एकदम मिळाल्या. दारात रेल्वे येण्याची तयारी आणि त्या रेल्वेत राखीव जागेवर हक्काने अर्ज करण्याची मुभा.

डोंगर फोडताना

पुढची सात-आठ वर्षे कामाची होती. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सात विभागांत वाटला गेला. प्रत्येक विभागाला एक मुख्य अभियंता आणि निर्णयाचे अधिकार जागेवरच. मोठे पूल आणि बोगदे यांच्या निविदा काढून लार्सन अँड टुब्रो, गॅमन, ॲफकॉन्स अशा कंपन्यांना कामे दिली गेली. बोगद्यांसाठी स्वीडनहून यंत्रे आली. एकूण ९१ बोगदे आणि लहान-मोठे मिळून सुमारे दोन हजार पूल बांधावे लागले. त्यातला सर्वात लांब करबुड्याचा बोगदा, सुमारे साडेसहा किलोमीटरचा, रत्नागिरीजवळच आहे. पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूलही रत्नागिरीजवळचाच. मऊ मातीतले बोगदे पुन्हा पुन्हा ढासळत. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने तर सगळ्या मार्गाचा मुहूर्त लांबवला. या कामात अनेक मजुरांचे प्राण गेले. ते बहुतेक बाहेरून आलेले, कंत्राटावरचे, हातावर पोट असणारे होते.

काम चालू असतानाच १९९१ ची निवडणूक आली आणि दंडवते राजापूरमध्ये पराभूत झाले. ज्या रेल्वेसाठी वीस वर्षे घातली ती समोर उभी राहत होती आणि मतदारांनी दुसऱ्याला निवडले होते. त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. १९९३ मध्ये गाडी रोह्याहून वीरला पोचली. हे वीर स्टेशन दासगावच्या शेजारचेच, म्हणजे महाडच्या सत्याग्रहींच्या बंदराजवळ रेल्वे आली ती सासष्ट वर्षांनी. १९९५ मध्ये खेड, १९९६ च्या अखेरीस सावंतवाडी, आणि १ मे १९९८ रोजी सगळा मार्ग देशाला अर्पण झाला.

हिशेबाची दुसरी बाजू

चरित्र लिहिताना आरती ओवाळायची नसते, असे आम्ही मानतो. म्हणून हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

कर्ज काढून बांधलेली रेल्वे कर्ज फेडण्यातच अडकली. हजारो कोटींचा खर्च झाला आणि त्यातला मोठा भाग उसन्या पैशांचा होता. पहिली अनेक वर्षे व्याजाचा बोजा कंपनीला वर मान काढू देत नव्हता. तो बोजा शेवटी तिकिटावर आला. कोकण रेल्वेच्या मार्गावर प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्के जास्त धरले जाते. म्हणजे १०० किलोमीटर गेलात तर पैसे १४० किलोमीटरचे. मागास भाग म्हणून ज्याला आधी रेल्वे नाकारली, त्याच भागाने मिळालेल्या रेल्वेसाठी देशातल्या इतरांपेक्षा जास्त मोजले.

दुसरा मुद्दा जमिनीचा. मार्गासाठी चाळीस हजारांहून अधिक खातेदारांची जमीन घेतली गेली. मोबदला सातबारा पाहून दिला गेला आणि जमीन गेलेल्या कुटुंबांना नोकरीत प्राधान्य ठेवले गेले. हे न्यायाचे दिसते. पण रत्नागिरीत सातबाऱ्यावर नाव कुणाचे होते? या जिल्ह्यावर पिढ्यानपिढ्या खोतांचे राज्य होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. त्या मोर्चात महार होते आणि कुणबीही होते. कायद्याने खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर. तरी ज्याने जमीन कसली त्याचे नाव कागदावर चढलेच असे झाले नाही. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याची वाट तुटली, गुरांचे कुरण गेले, लाकूडफाट्याची जागा गेली, तरी तो प्रकल्पग्रस्त ठरत नाही. नोकरीतले प्राधान्यही मग त्याच्या मुलाकडे येत नाही. रेल्वेच्या नियोजनात हा माणूस दिसतच नव्हता, आणि दंडवते यांच्यासारखा भूमिहीनांसाठी लढलेला माणूस दिल्लीत असूनही दिसला नाही. चांगला माणूस वर बसला म्हणजे खालची यादी आपोआप बरोबर होत नाही, हा यातला धडा आहे.

साधा शेवट

अर्थमंत्री म्हणून त्यांनी एकच अर्थसंकल्प मांडला. त्यात छोट्या कर्जदार शेतकऱ्यांना दहा हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची माफी होती आणि सोने नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा होती. १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. इतकी पदे भूषवूनही त्यांच्यावर पैशाचा डाग लागला नाही. २००१ च्या अखेरीस प्रमिलाताई गेल्या. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत दंडवते यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दान करण्यात आला. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या शिक्षकाने शेवटीही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकण्याचे साधन दिले. अंधश्रद्धा आणि कर्मकांड नाकारणाऱ्या आपल्या समाजाला या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको.

आता आपले काम

कोकण रेल्वे कॉर्पोरेशनचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करायला महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये संमती दिली. मार्ग अजून बराचसा एकेरीच आहे. चिपळूण-कराड आणि वैभववाडी-कोल्हापूर या घाट ओलांडणाऱ्या मार्गांची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. मंडणगड आणि दापोली तालुक्यांत आजही रेल्वे नाही. बाबासाहेबांच्या आंबडव्याला जायचे तर गाडीतून उतरून पुढे रस्त्यानेच जावे लागते.

या घडामोडींत आपण कुठे आहोत? विलीनीकरण झाल्यावर ४० टक्के वाढीव अंतराचे काय होणार, हे आपण विचारले पाहिजे. भरतीचे रोस्टर नव्याने तयार होईल तेव्हा अनुसूचित जातींच्या अनुशेषाचा आकडा आपण मागितला पाहिजे. साफसफाई, खानपान, स्टेशनांची देखभाल ही कामे कंत्राटदाराकडे गेली की तिथे आरक्षण उरत नाही. मग १९९० मध्ये उघडलेले दार मागच्या बाजूने बंद होते. नव्या मार्गाचे भूसंपादन होईल तेव्हा गावात सातबारा नसलेल्या घरांची यादी ग्रामसभेत आधीच नोंदवून घेतली पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीवर उपजीविका असणाऱ्या भूमिहीनांचाही विचार आहे. मात्र खास रेल्वे कायद्याने जमीन घेतली जाते तेव्हा यातले काय लागू होते, हे जाणकार वकिलाकडून समजून घेऊन मगच अर्ज करावा.

माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे, पदवी आपल्या हातात आहे. पाहणी, अहवाल, मंजुरी, भूसंपादन, निविदा, भरती, यातल्या प्रत्येक पायरीवर कागद तयार होतो आणि प्रत्येक कागद मागता येतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात दोन-तीन तरुणांनी हे काम वाटून घेतले, तरी पुढची रेल्वे आपल्याला वगळून जाणार नाही.

सावंतवाडीच्या टर्मिनसला दंडवते यांचे नाव द्यावे, अशी मागणी प्रवासी संघटना करत आल्या आहेत. ते नाव जरूर द्यावे. पण त्यांचे खरे स्मरण त्यांच्या सवयीत आहे. एक प्रश्न हाती घ्यायचा, त्याचे आकडे पाठ करायचे, सत्ता असो वा नसो तो विचारत राहायचा, आणि सत्ता हाती आली त्या दिवशी कागद तयार ठेवायचा. १९९० मध्ये अकराच महिने मिळाले, पण १९८८ चा अहवाल तयार होता, वीस वर्षांचा पाठपुरावा तयार होता, म्हणून त्या अकरा महिन्यांत काम झाले. आपल्यालाही संधी थोडीच वर्षे किंवा थोडेच महिने मिळेल. तेव्हा आपला कागद तयार असेल का, हा प्रश्न आम्ही आमच्या तरुण कार्यकर्त्यांपुढे ठेवतो.